बंड्याचं ऑपरेशन

घरात छोटा कुत्रा आहे, तो वयात आलाय आणि डॉक्टर म्हणतायत, 'न्यूटरिंग करून टाका.' करायचं की नाही? आणि केलंच, तर पुढचे चौदा दिवस काढायचे कसे? लालबागच्या चाळीतला हा एक अनुभव, कदाचित तुमच्याही कामी येईल.

'अगं, बिचाऱ्याचं अजून लग्नसुद्धा नाही झालं!'

बंड्याच्या ऑपरेशनची बातमी गॅलरीत फुटली तेव्हा शेजारच्या काकूंची ही पहिली प्रतिक्रिया. दुसरी आजीची. 'मेल्यांनो, मुक्या जनावराचा तळतळाट लागेल.' तिसरे माझे बाबा. ते काहीच बोलले नाहीत. पेपर उघडून बसले आणि अर्धा तास त्याच पानावर होते.

बंड्या म्हणजे आमचा स्पिट्झ. साडेसहा किलो वजन, पांढराशुभ्र, आणि आवाज मात्र डॉबरमनला लाजवेल असा. मुंबईत ज्याला सर्रास पॉमेरियन म्हणतात, तो बहुतेक वेळा हाच, इंडियन स्पिट्झ. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दहा बाय बाराची खोली आणि बाहेर कॉमन गॅलरी. या जागेत चार माणसं आणि एक कुत्रा अगदी मजेत राहत होतो. बंड्या दहा महिन्यांचा होईपर्यंत!

एक दार उघडं राहिलं...

त्या संध्याकाळी दार उघडं राहिलं होतं. खाली गल्लीत एक कुत्री माजावर आली होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बंड्याला मात्र तीन मजल्यांवरून कळलं होतं. तो जिन्यावरून सुटला तो थेट आंबेडकर रोडवर. संध्याकाळी सात वाजता लालबागच्या फ्लायओव्हरखाली ट्रॅफिकची काय अवस्था असते, ते रोज परळला उतरणाऱ्यांना सांगायला नको. एका बेस्टच्या बसनं करकचून ब्रेक मारला. बाबा मागे धावत होते, त्यांच्या डोळ्यांदेखत.

बाबांनी तीस वर्षं बेस्टची बस चालवली आहे. चार तासांनी बंड्या चिंचपोकळीच्या बाजूला सापडला, चिखलानं काळा झालेला, कान फाटलेला. त्याला उचलून आणताना बाबा एवढंच म्हणाले, 'त्या ड्रायव्हरच्या जागी मी असतो, तर ब्रेक लागला असता की नाही, सांगता येत नाही.'

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कुत्रीला माज येण्याचा ठरावीक काळ असतो, साधारण सहा-आठ महिन्यांनी एकदा. नराचा असा काही सीझन नसतो. एकदा वयात आला की तो बाराही महिने तयार. वास आला की त्याला ट्रॅफिक दिसत नाही, हाक ऐकू येत नाही आणि दोन-दोन दिवस जेवणही लागत नाही. छोट्या जातींमध्ये हे वय लवकर येतं, सहा ते नऊ महिन्यांतच.

एक आहे, दुसरा कुठाय?

दिवाळी आटोपल्यावर आम्ही दादरच्या एका क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टर मॅडमनी बंड्याला टेबलावर उभं केलं, मागून तपासलं आणि शांतपणे विचारलं, 'एकच आहे. दुसरा कुठाय?'

मी आणि बाबा एकमेकांकडे बघत राहिलो. हा विषय आम्ही बाप-लेकीनं आयुष्यात कधी बोललेला नव्हता!

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याची वृषणं पोटात असतात आणि साधारण दोन महिन्यांपर्यंत ती खाली उतरतात. काहींमध्ये एखादं वरच अडकून राहतं, पोटात किंवा जांघेत. सहा महिन्यांपर्यंत उतरलं नाही, तर ते पुढे उतरेल अशी आशा धरत नाहीत. छोट्या जातींच्या कुत्र्यांमध्ये हा प्रकार जास्त दिसतो. असं अडकलेलं वृषण शरीराच्या उष्णतेत राहतं आणि पुढे त्यात गाठ होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. शिवाय हा दोष आनुवंशिक. त्यामुळे अशा कुत्र्याची पिल्लं काढू नयेत, असं डॉक्टर स्पष्ट सांगतात. परळच्या आमच्या एका नातेवाइकांनी त्यांच्या कुत्रीसाठी बंड्याला 'बुक' करून ठेवलं होतं. ते स्थळ तिथेच मोडलं!

बंड्याच्या बाबतीत ऑपरेशन म्हणजे हौस नव्हती, हे आता उघड होतं. तरीही बाबा गप्पच होते. रात्री जेवताना ते बोलले. लहानपणी कोकणात गावी त्यांनी बैल बडवताना बघितला होता. चार माणसांनी पाय बांधून बैलाला पाडलेला, भूल नाही, औषध नाही, खाली दगड आणि वरून घाव. 'तो ओरडला, तो आवाज अजून कानात आहे. तुम्ही म्हणता ऑपरेशन. माझ्यासाठी ते तेच आहे.'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी काय केलं? पुढच्या खेपेला बाबांना पुन्हा सोबत नेलं आणि म्हटलं, हे सगळं डॉक्टरांनाच विचारा.

डॉक्टर मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवून पहिल्यापासून सांगितलं. आधी गुंगीचं आणि वेदनाशामक इंजेक्शन. मग शिरेतून भूल. मग श्वासनलिकेत नळी घालून ऑक्सिजन आणि भुलीचा वायू. पूर्ण वेळ हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजन यांच्यावर मशिनची नजर. साध्या केसमध्ये पुढे एक छोटीशी चीर देऊन दोन्ही वृषणं तिथूनच काढतात, वीस-तीस मिनिटांचं काम. बंड्याला मात्र दोन चिरा लागणार होत्या, कारण दुसरं वृषण जांघेत हाताला लागत होतं. ऑपरेशनमध्ये त्याला काहीही जाणवणार नाही, दुखेल ते शुद्धीवर आल्यावर, आणि त्यासाठीही औषध आहे.

बाबांनी एकच प्रश्न विचारला, 'आणि जागाच नाही झाला तर?'

'धोका शून्य नसतो,' मॅडम म्हणाल्या. 'तो कमीत कमी करण्यासाठीच आधी रक्त तपासतो.'

मला वाटतं, त्या प्रामाणिक उत्तरानंच बाबा अर्धे तयार झाले.

काय मिळतं, काय मिळत नाही

न्यूटरिंग केलं की कुत्रा एका रात्रीत संत तुकाराम होतो, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पळून जाणं, पाहुण्यांच्या पायाला बिलगून चाळे करणं, घरातल्या प्रत्येक कोपऱ्यावर 'सही' करणं, इतर नरांशी मारामाऱ्या, हे बऱ्याच कुत्र्यांत कमी होतं. तेही हळूहळू, कारण हार्मोन उतरायला काही आठवडे जातात. पण भीतीपोटी भुंकणं, फटाक्यांना घाबरणं, शिस्त नसणं याचा हार्मोनशी संबंध नाही. ते शिकवावंच लागतं. मुळातच भित्र्या असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तर आधी डॉक्टरांशी नीट बोलून मगच ठरवा.

तब्येतीचं म्हणाल, तर वृषणांच्या गाठींचा प्रश्नच संपतो आणि उतारवयात प्रोस्टेट वाढून होणारा त्रास जवळजवळ टळतो. दुसरी बाजू अशी की, चयापचय मंदावतं आणि वजन वाढतं.

कोणत्या वयात करायचं? छोट्या जातींमध्ये साधारण सहा महिन्यांनंतर करता येतं. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या कुत्र्यांची हाडं पूर्ण वाढू द्यावीत, म्हणून त्यांच्यासाठी बरेचदा वर्षभर थांबायला सांगतात. पग, शिह त्झू अशी चपट्या नाकाची मंडळी असतील तर भूल देणाऱ्याला जास्त काळजी घ्यावी लागते. तिथे सगळ्यात स्वस्त क्लिनिक शोधत फिरू नका.

आणि घरात मादी असेल तर हा विषय आणखी महत्त्वाचा. गिरगावातल्या माझ्या एका मैत्रिणीची कुत्री सात वर्षांची. माज होऊन गेल्यावर महिन्याभरानं ती अचानक सारखं पाणी प्यायला लागली, जेवण बंद, अंगात ताप. निदान निघालं पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू. रात्री अकरा वाजता इमर्जन्सी ऑपरेशन करावं लागलं. वाचली, पण थोडक्यात. वेळेवर नसबंदी केली असती तर हा दिवस बघावाच लागला नसता.

गोचीड आडवी आली

आमची तारीख ठरली आणि रक्ताच्या रिपोर्टनं ती मोडली. प्लेटलेट कमी! कारण टिक फीवर. मुंबईच्या दमट हवेत गोचिडी बाराही महिने असतात आणि त्यांच्या चावण्यातून हा आजार कुत्र्यांना होतो. गंमत म्हणजे बंड्या बाहेरून ठणठणीत दिसत होता. पण प्लेटलेट कमी असताना चीर दिली असती, तर रक्त थांबायला त्रास झाला असता. महिनाभर गोळ्या, मग पुन्हा टेस्ट. ऑपरेशन गेलं जानेवारीत.

म्हणूनच सांगते, 'तरुण आहे, टेस्टची काय गरज?' असं म्हणून ते पैसे वाचवू नका. खर्च विचारताना नुसता ऑपरेशनचा विचारू नका. रक्ततपासणी, भूल, औषधं, गळ्यातला कोन, ड्रेसिंग, टाके काढणं, सगळं धरून आकडा मागा. क्लिनिक-क्लिनिकमध्ये बराच फरक असतो.

आपल्या परळची गोष्ट

परळच्या आचार्य दोंदे मार्गावरचं 'बैलघोडा हॉस्पिटल' माहीत नाही असा लालबागकर सापडणार नाही. त्याचं खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल फॉर अ‍ॅनिमल्स. ट्राम ओढणारे घोडे आणि गाड्या ओढणारे बैल हेच जेव्हा या शहराचं इंजिन होते, तेव्हाचं, म्हणजे १८८३ सालचं. प्राण्यांवरची क्रूरता थांबवण्यासाठी १८७४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचं हे हॉस्पिटल. त्याच आवारात १८८६ मध्ये बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं. आज देशभर काम करणारे कितीतरी पशुवैद्य याच परळमधून शिकून गेलेत. आता महालक्ष्मीलाही टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं हॉस्पिटल आहे, ते २०२४ मध्ये सुरू झालं.

आणि कुत्र्यांवरून या शहरात दंगलही झाली आहे बरं का! १८३२ च्या जूनमध्ये. तेव्हा सरकार भटके कुत्रे मारण्यासाठी प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे देत असे. पारशी लोक कुत्र्याला पवित्र मानतात. फोर्टमध्ये ते रस्त्यावर उतरले आणि दुकानं बंद झाली. कुत्रे मारणं थांबवून त्यांची नसबंदी करायची, हे धोरण मुंबईत आलं ते थेट १९९४ मध्ये. २००१ मध्ये त्यासाठी देशभराचे नियम झाले आणि २०२३ मध्ये ते नव्यानं आले. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसली, तर समजा त्याची नसबंदी झालेली आहे. आमच्या नाक्यावरच्या काळूच्या कानालाही खाच आहे. बाबा रोज त्याला बिस्किटं घालायचे, पण ती खाच कसली, हे त्यांना यंदा कळलं.

तो शुक्रवार

ऑफिसला जाणाऱ्यांसाठी एक टिप. ऑपरेशन शुक्रवारी ठेवा. पहिले दोन दिवस घरात सतत कुणीतरी लागतं, ते शनिवार-रविवारात निघतात. लालबाग-परळकरांनी कॅलेंडरही बघावं. गणपतीचे दहा दिवस आमच्या गल्लीतून माणसाला बाहेर पडणं मुश्कील, तिथे टाके घातलेला कुत्रा क्लिनिकला नेणार कसा? दिवाळीत फटाके, पावसाळ्यात ओल. जानेवारी बेस्ट.

आदल्या रात्री जेवण, मग उपास. तो किती तास ठेवायचा आणि पाणी कधी बंद करायचं, हे डॉक्टरच सांगतील. फार छोट्या आणि फार लहान वयाच्या कुत्र्यांना जास्त वेळ उपाशी ठेवलं तर साखर उतरते, त्यामुळे शेजारच्याच्या कुत्र्याचा नियम आपल्याला लावू नका. दुधाचे दात पडायचे राहिले असतील तर तेही आधी दाखवा. एकाच भुलीत ते काम होऊन जातं. बंड्याचे दोन निघाले.

सकाळी दहाला बंड्या आत गेला. मी बाहेर बसून एक लेख पूर्ण करणार होते. एक ओळही झाली नाही. बाबा दारासमोरच्या फुटपाथवर फेऱ्या मारत होते. बाराच्या सुमारास मॅडम बाहेर आल्या. 'झालं. छान आहे.' बाबांनी पाणी मागितलं.

संध्याकाळी टॅक्सीनं घरी. बंड्या जागा होता, पण कुठल्यातरी वेगळ्याच जगात. थरथरत होता, बारीक आवाजात कण्हत होता. भुलीनं अंगातली ऊब कमी होते आणि छोट्या कुत्र्यांत ती पटकन उतरते. पंखा बंद, खाली चटई, वर गोधडी. पाणी दोन-दोन घोट. रात्री नेहमीच्या निम्मं जेवण, तेही मागितलं म्हणून. पलंग, सोफा बंद, कारण अर्धवट शुद्धीत उडी मारली तर पडण्याची भीती.

रात्री दोनला मला जाग आली. बाबा जमिनीवर, बंड्याच्या बाजूला आडवे झालेले. एक हात गोधडीवर. मला वाटलं झोपलेत. ते म्हणाले, 'ओरडला नाही गं एकदाही.'

लॅम्पशेडचे दिवस

तिसऱ्या दिवशी बंड्याला वाटायला लागलं की आपण एकदम फिट आहोत. खरी परीक्षा इथून सुरू होते. वरून जखम बरी दिसते, आतून ती कच्ची असते. दहा ते चौदा दिवस धावणं, उड्या, जिने बंद. लिफ्ट नसल्यानं दिवसातून चार वेळा साडेसहा किलोचं गाठोडं उचलून तीन मजले वर-खाली. जिमची फी वाचली! खाली फक्त पट्ट्यावर पाच-दहा मिनिटं आणि परत. आंघोळ नाही, पावडर नाही, आजीची हळदही नाही. हळदीवरून घरात छोटंसं महाभारत झालं, पण जखमेवर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीही लावायचं नाही, म्हणजे नाही.

आणि तो गळ्यातला प्लास्टिकचा कोन. लॅम्पशेड घातल्यासारखा दिसणारा बंड्या दाराच्या चौकटीला आपटायचा, पाण्याच्या भांड्यात कोन अडकवून बसायचा. मग भांडं पाटावर ठेवलं, प्रश्न सुटला. कोन नाकाच्या टोकाच्या थोडा पुढे यायला हवा, नाहीतर उपयोग नाही. आजीनं माझं जुनं झबलं काढून दिलं होतं. पोटावरच्या टाक्यांना असा कपडा चालतोही, पण नराची जखम इतकी मागे असते की झबलं तिथवर पुरत नाही.

चौथ्या दिवशी मी ती चूक केली. बंड्या केविलवाणं बघत होता. म्हटलं, पाच मिनिटं कोन काढू, मी समोरच आहे. तेवढ्यात फोन आला. एका स्टोरीसाठी आठवडाभर ज्यांच्या मागे होते, तेच! बोलत बोलत गॅलरीत गेले. परत आले तेव्हा बंड्या मन लावून चाटत होता. एक टाका सुटलेला, चादरीवर रक्त.

पुन्हा टॅक्सी, पुन्हा दादर. मॅडमनी एक टाका नव्यानं घातला, अँटिबायोटिक वाढवलं. मला त्या काहीच बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. बाबा मात्र टॅक्सीत म्हणाले, 'माझ्यावर ओरडायचीस ना, पाच मिनिटांसाठी दार उघडं ठेवलं म्हणून?' त्या संध्याकाळी दार त्यांच्याकडून उघडं राहिलं होतं. मी तेव्हा त्यांना बरंच बोलले होते. टॅक्सीत मी सॉरी म्हटलं. तीन महिने उशिरा, पण म्हटलं.

टाके निघाले

पंधराव्या दिवशी टाके निघाले. आधीची पिशवी काही दिवस सुजलेली, भरल्यासारखी दिसते आणि मग हळूहळू आक्रसते, त्यामुळे 'ऑपरेशन झालंच नाही की काय' असं वाटून घेऊ नका. आणखी एक महत्त्वाचं म्हणजे, ऑपरेशननंतरही महिना-दीड महिना नर पिल्लं देऊ शकतो. तेवढे दिवस त्याला माद्यांपासून लांबच ठेवा. मग जेवणाचं माप. डॉक्टरांनी बंड्याचं खाणं साधारण पाव हिश्शानं कमी केलं आणि बाबांची चोरून दिलेली चपाती बंद केली. कागदावर तरी बंद केली.

आता मार्च सरतोय. परवा गल्लीत पुन्हा एक कुत्री माजावर होती, सगळ्या लालबागचे नर खाली जमलेले. बंड्या गॅलरीच्या कठड्यातून नाक बाहेर काढून बघत होता. दोन वेळा भुंकला, आणि येऊन बाबांच्या पायाशी झोपला. बाबांनी उठून दाराची कडी मात्र तपासली. ती आता आम्ही रोज तपासतो.

फ्रीजवर चिकटवा!

* माणसाचं औषध कुत्र्याला कधीही नाही. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम अशा गोळ्या छोट्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. वेदनाशामक फक्त डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिलेलंच.
* जखम दिवसातून दोनदा बघा. पहिल्या दिवशी फोटो काढून ठेवा, म्हणजे तुलना करता येते.
* थोडी सूज, थोडा लालसरपणा चालतो. सतत रक्त, पू, दुर्गंधी, वाढत जाणारी सूज किंवा उघडलेला टाका दिसला की लगेच डॉक्टर.
* चोवीस तासांनंतरही जेवत नसेल, वारंवार उलट्या, पांढरट हिरड्या, लघवी बंद, उठतच नसेल, तर सकाळची वाट बघू नका. रात्री कुठे जायचं, तो नंबर ऑपरेशनच्या आधीच सेव्ह करा.
* कोन टाके निघेपर्यंत. पाच मिनिटांसाठीही काढायचा नाही. अनुभवाचे बोल आहेत, बॉस!